मॉरिशसचं पाणी, प्रवाळ आणि जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटलं की निळं पाणी आणि पांढरी वाळू आठवते. त्या पाण्यामागे आणि वाळूमागे काय चालतं, ते बिघडतं कशाने आणि दुरुस्त कसं करतात, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बेटावरची कुठलीही जागा समुद्रापासून पंचवीस किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे डोंगरावर जे केलं जातं ते आज ना उद्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ समुद्रात उतरतं. खालची बहुतेक उत्तरं फिरून इथेच येतात.

मॉरिशसकडे नैसर्गिक साधनसंपत्ती म्हणावी असं आहे तरी काय?

खाणीतून निघणारं जवळजवळ काहीच नाही. दगडी कोळसा नाही, लोहखनिज नाही, खनिज तेलाचं उत्पादन नाही. बांधकामाचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, तेवढा मुबलक आहे. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं त्याच्या साधारण तिप्पट. त्यावर सुमारे बारा लाख माणसं राहतात.

खरी संपत्ती चार ठिकाणी आहे: बेसाल्टच्या भेगांत मुरलेलं गोडं पाणी, उसाखालची जमीन, बेटाभोवतीची सुमारे १५० किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत आणि तिच्या आतलं २४३ चौरस किलोमीटरचं उथळ लगून, आणि बाहेरचा अफाट समुद्र. देश ज्यावर हक्क सांगतो ते सागरी क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरचं आहे, महाराष्ट्राच्या सातपटीहून जास्त. त्यात चागोस बेटांभोवतीचं पाणी धरलेलं आहे. सेशेल्ससोबत २०१२ च्या कराराने संयुक्तपणे सांभाळला जाणारा सुमारे ३.९६ लाख चौरस किलोमीटरचा समुद्रतळही आहे.

जाता जाता: मॉरिशसचा कातळ आणि सह्याद्रीचा कातळ एकाच कुळातले मानले जातात. पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येण्याच्या ज्या जागेने, म्हणजे रीयुनियन तप्तबिंदूने, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतला, त्यानेच पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वीपासून, हे बेट उभं केलं.

वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मग पाणी कोट्याने का सोडावं लागतं?

सरासरी फसवी आहे. मधल्या पठारावर चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर हजारसुद्धा गाठत नाही. हॉटेलं आणि नव्या वसाहती मात्र कोरड्या किनाऱ्यावरच जास्त आहेत. पावसाचा मुख्य भर उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबर ते एप्रिलमध्ये असतो. ऑक्टोबर सगळ्यात कोरडा.

पडलेल्या पाण्याचा हिशोब साधारण असा मांडतात: ३० टक्के बाष्प होऊन जातं, ६० टक्के ओढ्या-नद्यांतून वाहून जातं आणि जेमतेम १० टक्के जमिनीत मुरतं. त्या १० टक्क्यांवर घरगुती पुरवठ्याचा जवळपास निम्मा भार आहे. साठवणही तोकडी आहे. सगळ्यात मोठ्या जलाशयांपैकी एक असलेल्या मार ओ वाकोआची क्षमता सुमारे २.६ कोटी घनमीटर, आपल्या भाषेत ०.९ टीएमसी, खडकवासल्याच्या निम्म्याहून कमी. एक पावसाळी मोसम कोरडा गेला की पुढच्या सहा महिन्यांची तारांबळ ठरलेली.

आणि सगळ्यात मोठी गळती धरणात नाही, नळांत आहे. शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी जुन्या जलवाहिन्यांतल्या गळतीमुळे आणि बंद पडलेल्या मीटरांमुळे हिशोबाबाहेर जातं. नवं धरण बांधण्याच्या घोषणेला टाळ्या मिळतात, पाईप बदलायला रस्ते खणले की शिव्या मिळतात. पण पाणी वाचवायचं तर आधी पाईपच बदलावे लागतील.

घरापुरतं पावसाचं पाणी साठवायचं तर किती टाकी लागेल?

हिशोब सोपा आहे. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. उडणं, सांडणं, बाष्प वजा जाता ८०० लिटर हाती येतं असं धरा. चार माणसांच्या घराला दिवसाला ६०० ते ६५० लिटर लागतं. म्हणजे गच्चीवरची नेहमीची १,००० लिटरची टाकी दीड दिवसच पुरते. पाणी एक दिवसाआड येत असेल तर २,००० लिटरच्या खाली जाऊ नका.

पहिला १ ते २ मिलिमीटर पाऊस टाकीत घेऊ नका. छतावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि किनाऱ्याजवळ असाल तर खारं तुषार त्यात उतरतं. १०० चौरस मीटरच्या छताला १०० ते २०० लिटरचा उभा पाईप लावला की हे पाणी त्यात अडकतं. त्याच्या तळाशी बारीक तोटी ठेवा, म्हणजे तो पुढच्या पावसापर्यंत आपोआप रिकामा होतो. ही तोटी कचऱ्याने तुंबली की सगळी व्यवस्था निकामी होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. टाकीच्या प्रत्येक तोंडाला, ओसंडीच्या पाईपलासुद्धा, बारीक जाळी हवी. बेटावर डेंग्यूची साथ येऊन गेली आहे. हे पाणी बागेला, संडासाला, धुण्याला वापरा; पिण्याला नाही.

किनाऱ्याजवळच्या बोअरला अचानक खारं पाणी का लागतं?

जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर गोड्या पाण्याचा थर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत जातो. उलटही तितकंच खरं: उपशाने पातळी १ मीटर उतरली की खाली खाऱ्या पाण्याची सीमा ४० मीटर वर सरकू शकते. म्हणून मोठा पंप लावून दोन तासांत टाकी भरण्यापेक्षा लहान पंप दहा तास चालवणं शहाणपणाचं. क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की चवीला कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो. विद्युतवाहकतेचं लहान मीटर घेऊन दर आठवड्याला नोंद ठेवा. आकडा चढायला लागला की उपसा कमी करा. एकदा खारट झालेली बोअर सुधारायला अनेक पावसाळे जातात.

हॉटेलं समुद्राचं पाणी गोडं करतात, हा उपाय चालतो. पण त्यात १०० लिटरमागे ३५ ते ४५ लिटरच गोडं पाणी मिळतं. उरलेलं पाणी समुद्रापेक्षा जवळपास दुप्पट खारट असतं. ते लगूनमध्ये सोडलं तर तळाशी बसतं आणि समुद्री गवत जाळतं. प्रवाळभिंतीच्या बाहेर, लाटांत सोडलं तर लगेच मिसळून जातं. पाईप लांबवण्याचा खर्च वाचवला की नुकसान लगूनच्या माथी.

संडासाच्या टाकीचा आणि प्रवाळाचा काय संबंध?

थेट संबंध आहे. सांडपाण्याच्या सार्वजनिक जाळ्याला बेटावरची जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास घरं जोडलेली आहेत. बाकीची घरं सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यांवर आहेत. इथल्या बेसाल्टला भेगा आहेत, जुन्या लाव्हाच्या नळ्यांची भुयारं आहेत. खड्ड्यातलं पाणी मातीत गाळलं न जाता भेगेतून सरळ खाली उतरतं. फ्लिक अँ फ्लाकसारख्या ठिकाणी हे भूजल लगूनच्या तळातून झऱ्यासारखं वर येतं, सोबत नायट्रेट घेऊन. उसाला घातलेलं जास्तीचं खतही याच वाटेने येतं.

प्रवाळ वाढतं ते जवळजवळ पोषणद्रव्यं नसलेल्या पाण्यात. नायट्रेट वाढलं की हिरवं शेवाळ झपाट्याने पसरतं, प्रवाळावर सावली धरतं आणि नव्या पिल्लांना चिकटायला जागा ठेवत नाही.

घराच्या पातळीवर चार गोष्टी पाहायच्या. टाकीला दोन कप्पे हवेत. गाळ तीन ते पाच वर्षांनी उपसायला हवा. गाळ निम्म्यापर्यंत चढला की पाणी निवळायला वेळच मिळत नाही आणि घाण पुढे शोषखड्ड्यात जाते. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली भूजलपातळी यांत किमान दीड ते दोन मीटर अंतर हवं. आणि ओसंडीचा पाईप पावसाच्या गटाराला जोडण्याची चोरवाट सर्वत्र आढळते, ती बंद करा.

प्रवाळ पांढरं पडलं म्हणजे मेलं का?

लगेच नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न आणि रंग देतात. पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा १ अंश जास्त राहिलं की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. एक अंश जादा तापमान चार आठवडे टिकलं की पांढरं पडणं सुरू होतं, आठ आठवड्यांइतका ताप साठला की मर व्हायला लागते. त्याआधी पाणी निवलं तर रंग परत येतो. मॉरिशसमध्ये धोक्याचे महिने जानेवारी ते एप्रिल. या काळात पाणी गढूळ आणि खतयुक्त असेल तर तेच प्रवाळ कमी तापातही दगावतं. समुद्राचं तापमान आपल्या हातात नाही, पाण्याची घाण आहे.

प्रवाळाची रोपवाटिका करून भिंत परत उभी करता येते का?

लहान तुकड्यापुरती, हो. पद्धत अशी: निरोगी वसाहतीतून किंवा तुटून पडलेल्यांतून ५ ते ८ सेंटिमीटरचे तुकडे घ्यायचे. ३ ते ५ मीटर खोलीवर दोरीवर किंवा जाळीच्या टेबलांवर बांधायचे. दर एक-दोन आठवड्यांनी ब्रशने शेवाळ आणि शिंपले काढायचे. वर्षभराने ते खडकावर, जागा आधी तारेच्या ब्रशने घासून, सिमेंट किंवा इपॉक्सीने बसवायचे.

बिघडतं ते असं. घासलेली जागा दोन दिवस तशीच ठेवली की शेवाळाची पातळ साय येते आणि जोड सुटतो. एकाच वसाहतीचे शेकडो तुकडे लावले तर ते सगळे एकच जीव असतात. एका तापलाटेत सगळे जातात. फांद्यांची जात लवकर वाढते म्हणून तीच लावली जाते आणि वादळात तीच आधी मोडते. निधी दोन वर्षांचा असतो, घासणी थांबली की टेबलं शेवाळाखाली जातात. ब्लू बेसारख्या संरक्षित जागी हा खटाटोप योग्य आहे. पण वरच्या वस्तीचं सांडपाणी तसंच ठेवून खाली प्रवाळ लावणं म्हणजे पैशांची नासाडी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाळूचे किनारे का खचतात?

तिथली पांढरी वाळू नदीने आणलेली नाही. ती प्रवाळ, शिंपले आणि चुनायुक्त शैवालांच्या चुऱ्याची आहे; पोपटमासा प्रवाळ खरवडतो तेव्हा त्याच्या पोटातूनही ती बाहेर पडते. म्हणजे प्रवाळभिंत जिवंत असेल तरच वाळू तयार होते, आणि प्रवाळभिंत लाटेचा जोर मोडते म्हणून वाळू टिकते. अनेक दशकं लगूनमधून बांधकामासाठी वाळू काढली गेली. २००१ मध्ये ते बंद झालं आणि बांधकाम बेसाल्टच्या क्रश सँडवर गेलं. पण उपसलेले खड्डे भरायला वाळू किनाऱ्यावरूनच ओढली जाते. त्यात समुद्राची पातळी अलीकडच्या नोंदींप्रमाणे वर्षाला सुमारे ५ मिलिमीटरने चढते आहे.

वाळू खचली की बंगलेवाला भिंत बांधतो. लाट भिंतीवर आपटून परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि शेजाऱ्याच्या हद्दीत दुप्पट खोदते. मग शेजारीही भिंत बांधतो. नियमाप्रमाणे भरतीच्या रेषेपासून ३० मीटरच्या आत बांधकाम करायचं नाही. त्याशिवाय पास जेओमेत्रिक नावाचा किनारपट्टा, किमान ८१.२१ मीटर रुंदीचा, सरकारी मालकीचा असतो. भाडेपट्ट्याने दिला जातो, विकला जात नाही. हे मोजमाप फ्रेंच राजवटीतल्या २५० फुटांवरून आलेलं आहे.

सुरूची झाडं किनाऱ्यावर सगळीकडे दिसतात, कोकणात दिसतात तशीच. सावली छान पडते, पण त्यांची मुळं वरवरची असतात, खाली दुसरं काही उगवत नाही, आणि वादळात झाड उन्मळलं की वाळूचा मोठा लचका निघतो. वाळू धरायचं खरं काम मर्यादवेल करते. तिचे हातभर तुकडे, दोन-तीन पेरं वाळूखाली जातील असे, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर लावायचे आणि पहिला मोसम त्यावरून वाट पडू द्यायची नाही. गाड्या आणि पायवाटा यांमुळे ती मरते, खाऱ्या पाण्याने नाही.

वाकाशिओ अपघातात नेमकं काय झालं?

२५ जुलै २०२० ला संध्याकाळी सुमारे ३०० मीटर लांबीचं वाकाशिओ हे जपानी मालकीचं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्वाँत देस्नीच्या प्रवाळभिंतीवर चढलं. माल नव्हता, पण स्वतःच्या इंधनाचं सुमारे ३,९०० टन तेल आणि २०० टन डिझेल होतं. मोबाइलची रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याच्या जवळ नेलं गेलं, असं जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत पुढे आलं.

तेल लगेच सांडलं नाही. बारा दिवस लाटांनी जहाज भिंतीवर घासत राहिलं आणि ६ ऑगस्टला टाकी फुटली. सुमारे १,००० टन तेल लगूनमध्ये गेलं. बाकीचं बहुतांश उपसून काढण्यात यश आलं आणि १५ ऑगस्टला जहाज दुभंगलं. अपघाताच्या जवळच ब्लू बे सागरी उद्यान आणि प्वाँत देस्नीची पाणथळ जागा ही दोन रामसर क्षेत्रं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) आणि इल ओ एग्रेत हे छोटं राखीव बेट आहे. भारताने तटरक्षक दलाचं दहा जणांचं पथक आणि ३० टनांहून जास्त साहित्य पाठवलं होतं.

यातून उमगलेली गोष्ट सोपी आहे: जहाज अडकल्याच्या दिवसापासून तेलाची उलटी मोजणी सुरू होते. ‘अजून गळत नाही’ याला अर्थ नसतो. जहाज ओढून काढायचे प्रयत्न आणि तेल उपसायचं काम एकाच वेळी सुरू व्हावं लागतं.

लोकांनी पाचटाचे तराफे केले होते, त्यांचा उपयोग झाला का?

झाला, मर्यादेत. कापडाच्या आणि जाळीच्या लांब पिशव्यांत उसाचं वाळलेलं पाचट भरलं, तरंगावं म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि खाड्यांच्या तोंडाशी, माहेबूरच्या किनाऱ्याला लावले. शांत पाण्यात ते तेल अडवतात. अडचण अशी की पाचट तेलाबरोबर पाणीही पितं. एक-दोन दिवसांत ते जड होऊन बुडायला लागतं आणि काढलं नाही तर धरलेलं तेल तळाशी नेऊन ठेवतं. त्यामुळे तराफा लावणं हे अर्धं काम. तो बाहेर ओढून, ठिबकू न देता, प्लास्टिकने अस्तर केलेल्या खड्ड्यात किंवा पिंपात ठेवणं हे उरलेलं अर्धं. हातमोजे, बूट आणि वाफेसाठीचा मास्क नसेल तर पाण्यात उतरू नये. ताज्या तेलाच्या वाफेने डोकेदुखी आणि मळमळ सुरू होते.

कांदळवनात नियम उलटा आहे: शक्यतो आत जाऊच नये. झाडं मुळांवरच्या छिद्रांतून श्वास घेतात, तेल ती बुजवतं हे खरं. पण माणसांच्या पावलांनी तेच तेल चिखलात खोल दाबलं जातं आणि वर्षानुवर्षं झिरपत राहतं. जोरदार फवाऱ्याने धुणंही वाईट, चिखल आणि रोपं दोन्ही उखडतात. कडेकडेने, मंद धारेने, ओहोटीच्या बाजूला तराफा लावून धुवायचं आणि उरलेलं निसर्गावर सोडायचं.

भरपाई कोण देतं?

जहाजाचा मालक आणि त्याचा विमा. तेलवाहू जहाजांसाठी जो आंतरराष्ट्रीय निधी आहे तो इथे लागू होत नाही, कारण वाकाशिओ तेलवाहू जहाज नव्हतं; सांडलं ते त्याचं स्वतःचं इंधन होतं. इंधनतेलाच्या २००१ च्या करारात मालकाची जबाबदारी आहे, पण तिला कमाल मर्यादा घालता येते. ही मर्यादा १९७६ च्या कराराप्रमाणे की १९९६ च्या वाढीव दुरुस्तीप्रमाणे, यावर वाद झाला. मॉरिशसने जुना करार स्वीकारलेला होता, जपानने नवा. छोट्या मच्छीमाराच्या दाव्याला बोटीची नोंदणी, पकडीची वही आणि विक्रीच्या पावत्या लागतात. ज्यांचा व्यवहार रोखीत आणि तोंडी, त्यांना नुकसान सिद्ध करणं सगळ्यात अवघड जातं.

ऊस कमी झाला हे पर्यावरणाला चांगलं की वाईट?

दोन्ही. एकेकाळी वर्षाला पन्नास लाख टनांहून जास्त ऊस गाळला जायचा, अलीकडच्या हंगामांत पंचवीस लाखांच्या खाली-वर. युरोपने २००६ पासून साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला, २००९ मध्ये जुना साखर करार संपला, आणि कारखाने कमी होत तीनवर आले. खत आणि तणनाशक कमी झालं हा फायदा. पण उसाची मुळं उतारावरची माती धरून ठेवतात. पडीक रान पावसात धुपतं, आणि बंगल्यांचे प्रकल्प झाले तर मुरणारं पाणी गटारात जातं.

विजेचाही प्रश्न आहे. टनभर उसातून सुमारे ३०० किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा निघतो, त्यात निम्मं पाणी. साधारण तीन-साडेतीन किलो बगॅस एक किलो कोळशाचं काम करतो. उच्च दाबाच्या बॉयलरवर टनामागे शंभराहून जास्त युनिट वीज ग्रिडला देता येते. सहवीजनिर्मितीत मॉरिशस फार आधी उतरला, आपल्याकडच्या साखरपट्ट्याला हे गणित परिचयाचं आहे. मेख अशी की गाळप जून ते डिसेंबर चालतं आणि उरलेले महिने तीच यंत्रं आयात कोळशावर फिरतात. ऊस घटला की बगॅस घटतो आणि कोळशाचे महिने वाढतात. देशाची बरीचशी वीज अजून कोळसा आणि जड तेलातूनच येते. २०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यायचं आणि कोळसा बंद करायचं २०२१ मध्ये जाहीर झालं होतं. हे गाठायचं तर सौरऊर्जेसोबत बॅटऱ्या लागतील, आणि चक्रीवादळात टिकेल असे पाये व क्लॅम्प लागतील. १२० किलोमीटरचे झोत तिथे अपवाद नाहीत.

मूळचं जंगल किती उरलं आहे?

चांगल्या अवस्थेतलं दोन टक्क्यांहूनही कमी. डच १५९८ मध्ये आले, त्यांनी काळं एबनी लाकूड तोडलं, १६३९ मध्ये जावातून हरणं आणली. डोडो सतराव्या शतकातच संपला. पण आज जंगल मरतं ते कुऱ्हाडीने नाही, चिनी पेरूने. हे झुडूप इतकं दाट वाढतं की खाली मूळच्या झाडाचं रोप उगवूच शकत नाही. फळं माकडं, डुकरं आणि माणसं आवडीने खातात आणि बी पसरवतात.

उपाय कष्टाचा आहे. रोपं मुळासकट उपटायची. जाड खोड जमिनीलगत कापून काही मिनिटांतच बुंध्यावर तणनाशक ब्रशने लावायचं. उशीर झाला तर काप सुकतो आणि औषध शिरत नाही. नुसतं कापलं तर एकाच्या जागी दहा फुटवे येतात. सहा महिन्यांनी दुसरी फेरी, मग दरवर्षी. हरणं-डुकरांसाठी भोवती कुंपण. फेरी चुकली की पहिला खर्च पाण्यात. म्हणून मोठं क्षेत्र एकदा साफ करण्यापेक्षा लहान क्षेत्र दहा वर्षं सांभाळावं.

हे साधतं याचा पुरावाही इथलाच. १९७४ मध्ये मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे तिथला छोटा ससाणा, रानात फक्त चार उरल्याची नोंद होती. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास. बंदिस्त प्रजनन, उंदरांचा बंदोबस्त आणि पूरक अन्न यांवर दोन्ही परत उभे राहिले. २६ हेक्टरच्या इल ओ एग्रेतवर तर नामशेष झालेल्या कासवांच्या जागी आल्डाब्राची मोठी कासवं सोडली, ती एबनीची फळं खाऊन बी पसरवतात.

लिची खाणारी वटवाघळं मारून फळं वाचली का?

नाही. २०१५ मध्ये तीस हजारांच्या घरात मारली, २०१६ आणि २०१८ मध्ये पुन्हा मोहिमा झाल्या. उत्पादन काही वाढलं नाही, आणि ही जात जगात फक्त मॉरिशस आणि रीयुनियन बेटांवर असल्याने तिचा दर्जा २०१८ मध्ये ‘संकटग्रस्त’ झाला. चालतं ते जाळं. पण ३० फुटी झाडावर जाळं टाकता येत नाही, म्हणून तोडणीनंतर छाटणी करून झाड ४ ते ५ मीटरवर ठेवायचं. जाळं फळांना टेकलं तर वटवाघूळ बाहेरूनच खातं, त्यामुळे चौकटीवर ताणून बसवायचं.

मासेमारीला बंदीचा काळ असतो का?

असतो, पण आपल्याकडच्या जून-जुलैसारखा सरसकट नाही. मोठ्या जाळ्यांना १ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी. ऑक्टोपसला १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर. बंदुकीने किंवा भाल्याने पाण्याखाली मारणं मुळातच बेकायदा. ऑक्टोपसची बंदी लवकर फळते, कारण हा प्राणी साधारण वर्षभरच जगतो आणि अतिशय वेगाने वाढतो; मादी अंडी राखून मरते. दोन महिने हात आवरला की तेवढ्यात वजन वाढतं आणि अंडीही पडतात. बंदी उठल्याच्या पहिल्या आठवड्यात सगळे एकदम तुटून पडले तर मात्र कमाई पुन्हा धुतली जाते.

खडकाळीतले मोठे शिकारी मासे विकत घेताना सावध राहा. सिग्वाटेरा नावाचं विष त्यांत साठतं, शिजवून किंवा गोठवून जात नाही, वासाने-चवीने कळत नाही. खाल्ल्यावर उलट्या, तोंडाला मुंग्या आणि गार वस्तू गरम लागणं ही लक्षणं. काही जातींच्या विक्रीवर तिथे बंदी आहे.

चक्रीवादळाचे ‘वर्ग’ कसे वाचायचे?

वर्ग वादळाची ताकद सांगत नाही, वेळ सांगतो. पहिला वर्ग: १२० किलोमीटरचे झोत येण्याआधी ३६ ते ४८ तास. दुसरा: उजेडाचे बारा तास हाताशी. तिसरा: सहा तास. चौथा: झोत नोंदले गेले, बाहेर पडू नका. गफलत पावसाबाबत होते, कारण हे वर्ग वाऱ्याचे आहेत. ३० मार्च २०१३ ला राजधानी पोर्ट लुईत वादळ नव्हतं. दोन तासांच्या आत १५२ मिलिमीटर पाऊस पडला आणि ११ माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळाच्या वेळीही राजधानीत गाड्या वाहून गेल्या. पाऊस जोरात असेल तर भुयारी मार्ग आणि तळघरातलं पार्किंग वर्ग कुठलाही असो, टाळा.

कचरा जातो कुठे?

मार शिकोझला. १९९७ पासूनचं हे एकच भराव क्षेत्र, आणि ते कधीचं भरलं आहे. उभं वाढवून वेळ काढला जातो. प्लास्टिक पिशव्यांवर २०१६ पासून, एकदा वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर २०२१ पासून बंदी आहे. पण भरावाला जाणाऱ्या कचऱ्यात वजनाने सगळ्यात जास्त भर ओल्या कचऱ्याची. तो घरी जिरवला तर सगळ्यात मोठा फरक पडेल.

मॉरिशसच्या गणेशविसर्जनाने लगूनला त्रास होतो का?

मूर्ती कशाची आणि विसर्जन कुठे, यावर आहे. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि कास्कावेलसारख्या गावांतली मराठी मंडळी गणपती थाटात बसवतात. प्लास्टर पाण्यात फारच हळू विरघळतं, रंगातले धातू तळाच्या गाळात राहतात. लगूनमध्ये पाणी जेमतेम एक-दोन मीटर आणि प्रवाह मंद, म्हणून वाहूनही जात नाही. शाडूची मूर्ती बरी, पण मातीसुद्धा प्रवाळावर बसली की त्याचा श्वास कोंडते. त्यामुळे मूर्ती लहान, रंग नैसर्गिक, निर्माल्य वेगळं, आणि जागा प्रवाळ व समुद्री गवतापासून दूरची, नुसत्या वाळूची. सर्वांत चांगलं म्हणजे घरी पिंपात विसर्जन: फूटभर मूर्तीला ५० ते ६० लिटर पाणी पुरतं, शाडू एक-दोन दिवसांत बसते. ती माती पुढच्या वर्षी मूर्तीला वापरता येते.

किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा किंवा शंख घरी आणता येईल का?

आणू नका. दगडी प्रवाळ आणि मोठे शिंपले आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादीत आहेत, परवान्याशिवाय मॉरिशसबाहेर नेता येत नाहीत. मेलेला, वाळलेला तुकडासुद्धा. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंगतीत. दुकानदाराने बिल दिलं तरी ते परवाना ठरत नाही. मुंबई विमानतळावर एक्स-रेमध्ये प्रवाळ स्पष्ट दिसतं.